‘तारण’ म्हणजे सोनेतारण का?

ताई, सलाम.

मी सत्तावीस वर्षांची आहे. घर नगरला, नोकरी पुण्यात एका बँकेत. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पाच पिढ्यांचा. माझी खोलीतली मैत्रीण साताऱ्याची, माझ्याच बँकेत कर्ज विभागात आहे. गेल्या महिन्यात रात्री जेवणं झाल्यावर तिने सहज विचारलं, “तू दर रविवारी न चुकता चर्चला जातेस, पण तुम्ही नक्की मानता तरी काय?” मी म्हणाले, “येशूच्या द्वारे आपलं तारण होतं.” ती म्हणाली, “तारण म्हणजे? सोनेतारण असतं तसं?” ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. मला पुढे एक वाक्य सुचलं नाही.

त्यात पुढच्या महिन्यात तरुण संघाचा रविवार आहे आणि पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं आहे. माझ्याकडे साक्षच नाही. मी कुठल्या व्यसनातून सुटले नाही, आजारातून बरी झाले नाही, मला स्वप्नात काही दिसलं नाही. मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात त्या ओळी, पाठ आहे, पण त्यातल्या काही ओळी मला पटतात, काहींचा अर्थच लागत नाही. असं असताना ‘माझा विश्वास’ म्हणून मी उभी राहू का? आणि मैत्रिणीला जास्त सांगायला गेले तर मी तिला बदलायला निघाले आहे असं तिला वाटेल, ही भीती आहेच.

– एक वाचक, पुणे


प्रिय मुली, सलाम.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न चार दिवस माझ्या डोक्यात घोळतो आहे. मी तीस वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, शिकवलं, ‘तारण’ हा शब्द हजारदा उच्चारला असेल, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला तो कसा लागतो याचा विचार कधी केला नव्हता. कर्ज विभागात बसणाऱ्या मुलीला तारण म्हटल्यावर बांगड्या, वजनकाटा आणि पावतीच आठवणार. तिचं काही चुकलेलं नाही.

आणि हा एकच शब्द नाही. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. आज पेपरात खंडणी कोण मागतं ते तू वाचतेसच. साक्ष लोक कोर्टात देतात. ‘कृपा’ आता ‘कृपया चप्पल बाहेर काढा’ एवढ्यापुरती उरली आहे. आपल्या पवित्र शास्त्राचं मराठी मला फार प्रिय आहे, त्याच्यावरच मी वाढले. पण ते आपल्या घरात वेगळं राहिलं आणि बाजारातलं मराठी पुढे निघून गेलं. म्हणून परक्याशी बोलताना आधी आपल्यालाच आपला शब्द उकलून बघावा लागतो.

तारण उकलून बघ. साताऱ्याला तिच्या घरीही ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणत असतील. आपलं तारण त्यातलंच. बुडणाऱ्याला हात देऊन काठावर घेणं. हे तिला एका क्षणात कळेल. मग ती पुढचा प्रश्न विचारेल, आणि तो अवघड आहे: “पण तू कशात बुडत होतीस?”

तू साक्ष नाही म्हणतेस ना? या प्रश्नाचं जे खरं उत्तर तुझ्याकडे असेल, ती तुझी साक्ष. मग ते उत्तर दारू किंवा दुखणं नसलं तरी चालेल. मत्सर असेल. आईशी वर्षभर धरलेला अबोला असेल. आपण कुणालाच पुरे पडत नाही ही रात्रीची भीती असेल. तुझं काय ते मला माहीत नाही, पण काहीतरी आहे. नसतं तर तू रविवारी न चुकता गेली नसतीस.

माझ्या आजीचं सांगते. राहुरी तालुक्यातलं गाव, चर्चला पत्र्याचं छप्पर, सारवलेली जमीन, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. आजी अंगठा लावायची. पण मतांगीकार तिला तोंडपाठ होता आणि तिचा आवाज असा खणखणीत की सगळी बाजू तिच्या मागून म्हणायची. एका रविवारी ‘पापांची क्षमा’ ही ओळ आली आणि आजी गप्प. पुढची ओळ आली तशी पुन्हा सुरू झाली. मी नऊ वर्षांची, तिचा पदर धरून उभी. मला वाटलं ती विसरली. वाटेत विचारलं तर म्हणाली, “इसरले न्हाई. जावेशी बोलत न्हाई मी दोन म्हैनं. देवाच्या दारात खोटं कसं बोलू?” विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं होतं, त्यात आमच्या घरचीच चूक होती, हे मला मोठेपणी कळलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी ती निघाली. शेंगांची पिशवी माझ्या हातात, गुळाचा खडा तिच्या ओच्यात. चुलत आजी दारातच तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं. आजीने पिशवी माझ्या हातातून घेऊन उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, “पाळी तुमचीच व्हती.” एवढंच. चुलत आजी उठत म्हणाली, “च्या टाकते.” पुढच्या रविवारी आजीने ती ओळ इतक्या मोठ्याने म्हटली की पुढे उभे असलेले मास्तर वळून बघू लागले.

मतांगीकारातल्या प्रत्येक ओळीवर पाय देऊन बघायची, भार पेलते का ते पाहायची सवय मला तेव्हापासून लागली. तूही या महिन्यात हेच कर. एका कागदावर मतांगीकार लिहून काढ, ओळीखाली ओळ, मध्ये जागा सोडून. ज्या ओळीवर तू खरोखर उभी आहेस तिच्याखाली लिही की कधीपासून आणि कशामुळे. शास्त्रवचन नको, प्रसंग लिही. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही तिच्याखाली काही लिहू नकोस, पण ती खोडूही नकोस.

खोडू नकोस असं का म्हणते ते सांगते. आपला प्रेषितांचा मतांगीकार ‘मी’ने चालतो, कारण त्याचं मूळ बाप्तिस्म्यात आहे. सुरुवातीच्या काळात रोमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा घेणारा पाण्यात उभा असायचा आणि त्याला तीनदा विचारायचे: पित्यावर विश्वास ठेवतोस का, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर? तो प्रत्येक वेळी म्हणायचा, ‘मी विश्वास ठेवतो.’ त्या प्रश्नोत्तरांतून हा मतांगीकार हळूहळू घडत गेला. इ.स. ३२५ मध्ये निकिया इथे बिशपांच्या सभेने जो मतांगीकार लिहिला तो मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही’ने सुरू होतो. मला हे दोन्ही लागतात. जे माझ्या हाडात मुरलं आहे ते मी ‘मी’ म्हणून बोलते. जे अजून मला पेलत नाही, ते मंडळीबरोबर ‘आम्ही’ म्हणून बोलते, आणि माझ्या वाट्याचं तेवढं ओझं माझे शेजारी उचलतात. पाच पिढ्यांच्या घरातली मुलगी आहेस, तुझ्या मागे उभं राहून ते म्हणणारी पुष्कळ माणसं आहेत.

‘काही ओळी पटत नाहीत’ म्हणून स्वतःला खोटी ठरवू नकोस. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या वांटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून किती वाद झाला! चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, माझ्या सदसद्विवेकाला पटेल ते मानेन, हा त्यांचा हेका. सिस्टर जेराल्डीन हैराण झाल्या. आणि पुढे स्वतःचा विश्वास लिहून काढताना रमाबाईंनीच कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ज्या बाईने पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, तिला आठ वर्षं लागली. तू सत्तावीस वर्षांची आहेस, दमाने घे. मुलाला घेऊन येशूकडे आलेल्या त्या बापाने एका दमात ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवा’ असं दोन्ही म्हटलं होतं. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचं मूल बरं केलं.

आता मैत्रिणीला काय सांगायचं. मला कुणी विचारलं तर मी साधारण असं सांगते:

हे जग कुणीतरी प्रेमाने केलं आहे, आणि मी त्याला बाप म्हणू शकते. तो बाप लांब बसून राहिला नाही. येशूमध्ये तो माणूस होऊन आला, सुताराच्या घरात वाढला, भुकेला राहिला, थकून होडीत झोपला, मित्राच्या कबरेपाशी रडला. त्याला क्रूसावर खिळून मारलं. माझ्या हातून जे मोडलं होतं आणि मला जोडता येत नव्हतं, ते त्याने तिथे स्वतःवर घेतलं. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं. तो जिवंत आहे, म्हणून मी त्याच्याशी बोलते, आणि त्याचा आत्मा माझ्यासारख्या रागीट बाईला थोडं थोडं बदलतो आहे. माझ्या आईला आम्ही मातीत ठेवलं, पण ती तिथे कायमची नाही.

हे सांगायला एक मिनिटही लागत नाही. हे माझे शब्द आहेत, तू ते उचलू नकोस. रागीट बाई मी आहे, तू तुझं घाल.

यातल्या दोन जागा तुला अडतील. एक क्रूस. त्याच्या मरणाने माझं पाप कसं फिटलं, हे मैत्रिणीला गणितासारखं पटवून द्यायला जाऊ नकोस. वेगवेगळ्या मंडळ्यांनी ते वेगवेगळ्या तऱ्हेने समजावलं आहे: कुणी म्हणतं शिक्षा त्याने भोगली, कुणी म्हणतं मरणाला त्याने जिंकलं, कुणी म्हणतं प्रेमाची परिसीमा त्याने दाखवली. मतांगीकार यातलं एकही बांधून देत नाही. निकियाच्या मतांगीकारात ‘आमच्यासाठी’ एवढंच येतं. तूही तेवढंच म्हण, पण मनापासून म्हण.

दुसरी पुनरुत्थान. इथे मात्र ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून पाणी घालू नकोस. ‘म्हणजे त्याची शिकवण जिवंत राहिली’ असं मी पुष्कळ शिकलेल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला सरळ लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. मैत्रिणीला ते अशक्य वाटेल. वाटू दे. येशूचा शिष्य थोमा यालाही वाटलं होतं, आणि तो तीन वर्षं बरोबर हिंडलेला माणूस. तुला स्वतःलाच तिथे अडखळायला होत असेल तर तसंही सांग: ‘मला हे पूर्ण कळत नाही, पण मी यावर उभी आहे.’ ते तिला कळेल.

‘तीन देव का?’ असा प्रश्न आलाच तर पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला देऊ नकोस. मी वर्षानुवर्षं मुलांना तोच दिला, आता वाईट वाटतं. एकच पाणी एका वेळी तिन्ही नसतं, आणि पिता, पुत्र, आत्मा ही एकाचीच तीन रूपं पालटून येतात ही कल्पना मंडळीने फार पूर्वी नाकारली आहे. तू रोज काय करतेस ते सांग: पित्याला हाक मारतेस, येशूच्या नावाने मारतेस, आणि ती हाक मारायला आतून कुणीतरी बळ देतं.

आणि मतांगीकारात एक मोठी जागा रिकामी आहे, तिकडे तिचं लक्ष वेध. येशूखेरीज त्यात दोनच माणसांची नावं आहेत, मरीया आणि पंतय पिलात. कुमारी मरीयेपासून जन्मला, पिलाताच्या वेळी दुःख भोगलं. या दोन नावांच्या मध्ये त्याचं सगळं आयुष्य राहून गेलं. पिलाताचं नाव तिथे असणं गरजेचं आहे, त्यामुळे ही कुठल्यातरी युगातली कथा न राहता एका रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत घडलेली गोष्ट ठरते. पण माणसाला येशूची ओढ लागते ती मधल्या भागामुळे. तो जकातदारांच्या पंगतीला बसला, कुष्ठरोग्याला हात लावला, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या शमरोनी लोकांतल्या बाईकडे विहिरीवर पाणी मागितलं. आपल्या गावांत पाणी कोणी कुणाकडे मागायचं यावरून काय काय झालं आहे ते तुला आणि तुझ्या मैत्रिणीला वेगळं सांगायला नको. पाच पिढ्यांपूर्वी तुझ्या पणजोबांच्या वडिलांनी येशूचं नाव घेतलं तेव्हा त्यांना यातलंच काहीतरी भिडलं असेल. जमल्यास घरी विचार, कुणाला आठवत असेल तर लिहून ठेव.

तिला वाचायला काही द्यावंसं वाटलं तर लूकचा पंधरावा अध्याय दे. जिवंत बापाकडे वाटणी मागून घर सोडणारा धाकटा, लाज सोडून धावत सुटणारा म्हातारा बाप, आणि अंगणात रुसून उभा राहिलेला थोरला. वाटणीवरून फुटलेली घरं साताऱ्यातही आहेत आणि नगरातही. तिला टीप लागणार नाही.

शब्दांची अडचण तुझ्या एकटीची नाही, याचाही दिलासा घे. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सना हाच पेच पडला होता. त्यांनी ओवी हातात घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं. ना. वा. टिळकांनी अभंग घेतला. दोघांनीही माणसं आधीच ज्या भाषेत देवाशी बोलत होती तिच्यातच शब्द शोधले. तू बँकेतली मुलगी आहेस, खतावणी, हप्ता, जामीन हे तुझे रोजचे शब्द. जामीन राहणं म्हणजे काय हे तुम्हा दोघींपेक्षा चांगलं कोण सांगेल? इब्रीकरांस पत्रात येशूला जामीन म्हटलंच आहे.

मैत्रिणीला वाटेल मी बदलायला निघाले, याची भीती तू बाळगतेस ते मला आवडलं. पण तिने विचारलं आहे, तू तिच्या मागे लागलेली नाहीस. पेत्र लिहितो की जो कुणी तुमच्या आशेविषयी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारलं तेवढं सांग. सांगून झाल्यावर तिलाही विचार की ती काय मानते, तिच्या घरी काय करतात, आणि मध्ये न बोलता ऐक. तिच्या घरातल्या देवाविषयी, तिच्या आईच्या उपासांविषयी एक शब्द उणा काढू नकोस. तुझ्या विश्वासाला मोठं होण्यासाठी दुसऱ्याचा लहान करावा लागत नाही. ती आहे तशी राहिली तरी तुमची मैत्री रात्रीच्या त्या गप्पांनी घट्टच होईल.

राहिली साक्ष. मंडळीत आपण दारूतून सुटलेल्यांना आणि मरणाच्या दारातून परतलेल्यांना वारंवार उभं करतो, ते योग्यच आहे. पण त्यामुळे तुझ्यासारख्या मुलींना वाटू लागतं की गोष्ट नाही तर विश्वास नाही. हे आमच्या पिढीचं चुकलं. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा आठवण कसली करून देतो? तुझी आजी लोइस आणि तुझी आई युनीके यांच्यात आधी जो विश्वास होता तो आता तुझ्यातही आहे. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पाहून खाली पडलेल्या या पौलाने घरातून मिळालेल्या विश्वासाची अशी कदर केली. तू संकोच करू नकोस.

पाच मिनिटांत एकच ओळ घे, सगळा मतांगीकार नको. कागदावर जिच्याखाली सगळ्यात जास्त लिहून झालं असेल ती. तो प्रसंग सांग, त्यात कोण होतं, काय बोलणं झालं, तू त्यानंतर काय वेगळं केलंस. मैत्रिणीचा सोनेतारणाचा प्रश्नही सांग, तिची परवानगी घेऊन. मागच्या बाकांवर बसलेल्या पोरांनाही ‘तारण’चा अर्थ माहीत नसतो, ती फक्त विचारत नाहीत. जी ओळ तुला अजून पेलत नाही तिचाही एका वाक्यात उल्लेख कर. कुणी वडीलधारे भुवया उंचावतील, उंचावू देत.

आणि पाळकसाहेबांना आधी भेटून एक विनंती कर. त्या दिवशी मतांगीकार तुझ्या बोलण्याच्या आधी न घेता नंतर घ्या म्हणावं. तू बोलून खाली ये, आईच्या नाहीतर आजीच्या शेजारी उभी राहा, आणि सगळ्यांबरोबर म्हण.

तुझी,
ताई